दामाजीपंतांची पावती

वाचक माउली, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे आख्यान ऐकले नाही असा वारकरी सापडणार नाही. दुष्काळ पडला, पंतांनी बादशहाची कोठारे उपाशी लोकांसाठी उघडली, बादशहाने त्यांना पकडून आणायचा हुकूम सोडला, आणि पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारात गेला व धान्याचे दाम मोजून आला. एवढे तर घरातले लहान पोरही सांगेल. तरीही या कथेवर लिहायला बसलो आहे. अलीकडे ती जशी सांगितली जाते ती ऐकताना वाटते, की दाणा बाजूला राहतो आणि कोंडाच गोड करून वाढला जातो. आम्ही बिरसीकर धानाच्या बांधावर वाढलेली माणसे; दाणा कोणता आणि कोंडा कोणता एवढे सुपावर बसल्याशिवायही कळते.

नारदीय पद्धतीत हे चरित्र उत्तररंगाला येते. आपल्या वारकरी कीर्तनात ते अभंगाच्या निरूपणात दृष्टांत म्हणून येते. पद्धत कोणतीही असो, हल्लीचा हिशेब साधारण असा असतो: दुष्काळाच्या वर्णनाला पाच मिनिटे, कोठारे उघडण्याला एक वाक्य, आणि बाकी सगळा वेळ विठूला. त्याची काठी, त्याची घोंगडी, त्याचा जोहार, दरबाराची उडालेली तारांबळ, कितीही ओतली तरी न रिकामी होणारी ती थैली. टाळ वाजतात, लोक हसतात, काहींचे डोळेही भरून येतात. मग पुंडलिक वरदा होते आणि मंडळी प्रसाद घेऊन घरी जातात. घरी काय नेतात? देवावर भरवसा ठेवला की पैसे भरले जातात, एवढेच. दामाजीपंतांनी काय केले ते मंडपातच राहून जाते.

म्हणून आधी ते काय होते ते नीट पाहू.

पंत मंगळवेढ्याचे अंमलदार. पंढरपूर तिथून सुमारे २५ किलोमीटर. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीची, आजही तिथली मालदांडी नावाजलेली आहे. तेव्हा सरकारी धान्य तिथे साठलेले असणे साहजिक होते. आपल्याकडे धान ढोलीत ठेवतात. त्या मुलखात ज्वारी पेवात ठेवत, जमिनीखाली. पेव उघडले की लगेच आत उतरता येत नाही. कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यावी लागते, मग माणूस उतरतो आणि पाट्या भरभरून वर देतो. हे काम रात्रीत गुपचूप उरकण्यासारखे नाही.

संतचरित्रकार महिपतीबुवांनी ‘भक्तविजया’त ही कथा सांगितली आहे. त्यांच्या सांगण्यात एक बारकावा आहे, तो आपण विसरलो. पंतांनी पहिल्याच दिवशी कोठारे उघडली नाहीत. पंढरपूरचा एक ब्राह्मण दारी आला, पानावर बसला आणि घरची उपाशी पोरे आठवून त्याला रडू कोसळले. पंतांनी त्याच्या घरासाठी दोन खंड्या धान्य बैलांवर लादून पाठवले. ते पंढरपुरात पोचताच भुकेल्या लोकांनी लुटून नेले. एका घरापुरती केलेली दया त्या भुकेपुढे टिकली नाही. त्यानंतर पंतांना कळले की आता एक तर सगळ्यांसाठी उघडायचे, नाही तर कुणासाठीच नाही. तेव्हा त्यांनी उघडले.

काळही नीट सांगितला जात नाही. पुष्कळ जण याला दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात. तो इ. स. १३९६ पासून बारा वर्षे चालला अशी परंपरा आहे. पण तेव्हा बहामनी राज्याची राजधानी गुलबर्ग्याला होती. बेदरला ती गेली पुढे, अहमदशहा वलीच्या अमदानीत. जुन्या गॅझेटियरांत १४६० च्या दुष्काळालाच दामाजीपंताचा दुष्काळ म्हटले आहे. ते साल धरले तर बेदरच्या गादीवर हुमायूनशहा येतो, ज्याच्या नावाला इतिहासाने ‘जालीम’ हा शब्द कायमचा चिकटवला. मंडपात बसलेल्याला हे कळले, तर पंतांनी कुलपाला हात घातला तेव्हा त्यांच्यापुढे काय उभे होते याची कल्पना येईल. विठू येणार आहे हे आपल्याला ठाऊक असते. पंतांना ते ठाऊक नव्हते. या कथेची सगळी किंमत या एका गोष्टीत आहे, आणि सांगणारा विठूकडे धावत सुटला की तीच हातची जाते.

आता एक अवघड प्रश्न. धान्य पंतांचे नव्हते. मग याला दान कसे म्हणायचे?

तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली ती आपल्या वाट्याची. भावाच्या वाट्याची खते त्यांनी भावाच्या हाती दिली. दुसऱ्याच्या हक्काला त्यांनी बोट लावले नाही. नाथमहाराज देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर हिशेबाच्या वह्यांवर जागले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळ्या पिटू लागले, ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो. म्हणजे आपल्या संप्रदायाने वही, हिशेब, नियम यांना कधी तुच्छ मानले नाही. एका पैसाठी जागणारे नाथही आपले आणि सगळे कोठार वाटून टाकणारे पंतही आपले. दोघे एकाच पंक्तीला कसे बसतात, हे कीर्तनकाराने सांगितलेच पाहिजे. नाही तर श्रोता घरी जाऊन म्हणेल, दामाजीने नियम मोडला, मग मी मोडला तर काय झाले? टक्केवारी खाणाराही हाच दाखला देईल.

पंत त्याच पंक्तीला बसतात, कारण त्यांच्या कृतीला चार बाजू आहेत आणि चारही लागतात. त्यांनी त्यातला दाणा स्वतःच्या घरी नेला नाही. त्यांनी ते उघड्यावर केले, लपवाछपवी केली नाही. विचारायला वेळ नव्हता, कारण बेदरहून परवानगीचा कागद येईपर्यंत मागणारेच उरले नसते. आणि चौथी बाजू सगळ्यांत मोठी: बोलावणे आले तेव्हा ते पळाले नाहीत. बेड्या घालून घेतल्या आणि निघाले. वाटेत मागितले ते एवढेच, की पंढरपुरावरून न्या, एकदा विठोबाचे दर्शन घेऊ द्या. नियम मोडणाऱ्यांत ज्याला शिक्षा चुकवायची असते तो वेगळा, आणि जो शिक्षेसाठी मान पुढे करतो तो वेगळा. चार बाजूंतली एक जरी निघाली तरी उरते ती अफरातफर.

आंध्रदेशात अशीच कथा भद्राचलमच्या रामदासांची आहे. त्यांचे नाव कंचर्ल गोपन्ना, पाल्वंचा परगण्याचे तहसीलदार. त्यांनी सरकारी वसुलीचा पैसा रामाचे देऊळ बांधण्यात खर्च केला. गोवळकोंड्याच्या तानाशहाने त्यांना कैदेत टाकले. बारा वर्षांनी राम-लक्ष्मणांनी येऊन रक्कम भरली आणि पावती घेतली अशी श्रद्धा आहे. दोन्ही कथा अगदी सारख्या वाटतात. गोपन्नांच्या भक्तीला माझा दंडवत आहे. पण आपल्या कथेत सरकारी धान्य देवळाला गेले नाही, पोटाला गेले, हे आपण छाती पुढे करून सांगायला हवे. पंढरपूर हाकेच्या अंतरावर असताना पंतांनी देवासाठी काही बांधले नाही. देवाच्या गावचे लोक उपाशी होते, त्यांना वाढले.

आता पावतीकडे येतो. ती कथेतली सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे.

पांडुरंगाला बादशहाची मती फिरवता आली असती, हुकूम विसरायला लावता आला असता, रिकामी पेवे पुन्हा भरता आली असती. कथेत असे काही होत नाही. देव चालत जातो, जोहार करतो, दाम मोजतो आणि पावती मागून घेतो. ती पावती नंतर पंतांना त्यांच्या गीतेच्या पोथीत सापडते. याचा अर्थ देवानेही असे म्हटले नाही की पंतांवर काही देणे नव्हते. देणे होते. उपाशी माणसाला वाढणे बरोबर होते आणि तरीही त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागणार होती. धर्माने वागले की खर्च येत नाही असे सांगणारा कीर्तनकार श्रोत्याला फसवतो. खर्च येतो. तो कोण भरतो, हे ही कथा विचारते.

आणि तो भरायला देव कोणत्या रूपात गेला? विठूच्या रूपावर हशा मिळवणाऱ्यांनी इथे थांबावे. गावचा सरकारी भरणा पोचवणे, सरकारी निरोप नेणे ही जुन्या गावगाड्यात महाराच्या माथी आलेली कामे होती. म्हणजे देव दरबारात गेला तो सरकारी कामाच्या उतरंडीत सर्वांत खाली उभ्या असलेल्या माणसाच्या वेषात. याच मंगळवेढ्यात त्याआधी शंभराहून अधिक वर्षे, १३३८ साली, गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून चोखोबाराय गेले. ज्या गावात चोखोबा वेठीच्या कामात दगडाखाली गाडले गेले, त्याच गावच्या अंमलदारासाठी विठोबा चोखोबांच्या जातीचा वेष घेऊन उभा राहिला. हे सांगताना हसू कसे येते, मला कळत नाही.

पुढचा भाग तर बहुतेक ठिकाणी गाळलाच जातो. पंत सुटले, बादशहाने मान दिला, पुन्हा कामावर रुजू व्हायला कोणतीच अडचण नव्हती. पण आपल्यासाठी देवाला एवढे हिणवलेले रूप घ्यावे लागले हे समजताच त्यांनी चाकरी सोडली आणि पंढरपूर गाठले. निर्दोष ठरूनही हुद्दा गेलाच. त्यांनी तो स्वतः टाकला. महिपतीबुवांना हा प्रसंग लिहिताना काय वाटले असेल? ते राहुरीजवळच्या ताहराबादचे, स्वतः कुलकर्णीपणाची लेखणी चालवणारे. पूजेत असताना सरकारी शिपाई बोलवायला आला, टाकून बोलला. काम उरकून ते घरी परतले आणि त्यांनी लेखणी देवापुढे ठेवली. यापुढे ही संतांच्या चरित्राशिवाय दुसऱ्या कशाला चालवणार नाही असा निश्चय केला. ती लेखणी पुढे जन्मभर चालली; १७६२ साली ‘भक्तविजय’ पुरा झाला. दामाजींच्या राजीनाम्यावर ज्याने स्वतःच्या आयुष्यातली शाई घातली, त्याचे सांगणे आपण शेवटच्या दोन मिनिटांत कापून टाकतो.

तरीही महिपतीबुवांच्या सांगण्यात मला एक उणीव वाटते, आणि ती मांडण्यासाठीच हा लेख आहे. त्याआधी इंग्रजी अमदानीतले एक उलटे उदाहरण पाहा.

१८७३-७४ साली बिहारात दुष्काळ पडला. तिथे मदतीचे काम पाहणाऱ्या सर रिचर्ड टेंपल यांच्या अमलात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला गेला, मदत सढळ हाताने वाटली गेली आणि भुकेने मेलेली माणसे फारच थोडी. याबद्दल टेंपलला शाबासकी मिळाली नाही. उधळपट्टीचा ठपका आला. तीन वर्षांनी दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला आणि सरकारने त्यालाच पाहणीला धाडले. या खेपेस तो शहाणा झाला होता. त्याने खडी फोडणाऱ्या मजुराची मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढी ठरवली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्या मजुरीवर कामाला जायचे नाकारले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली. त्या दुष्काळात लाखो माणसे मेली. टेंपल त्याच साली मुंबईचा गव्हर्नर झाला.

हा माणूस मुळात वाईट नव्हता. त्याने एकदा कोठार उघडून दाखवले होते. पण उघडल्याची किंमत त्याला एकट्याला पडली आणि ती पुन्हा द्यायची त्याची तयारी नव्हती. ज्यांचे प्राण बिहारात वाचले ते त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कुठे जाणार होते? विलायतेत त्यांना कोण विचारत होते?

आता आपल्या घराजवळ या. आमच्या भागातले एक मुख्याध्यापक. नाव-गाव लिहीत नाही. एका पुराच्या साली पाण्याने घरे सोडलेली कुटुंबे शाळेत येऊन राहिली. पोरांच्या खिचडीचा तांदूळ खोलीत होता. गुरुजींनी वर विचारले तर उत्तर आले की लेखी आदेशाशिवाय हात लावू नका. त्यांनी हात लावला. दोन दिवस भात शिजला. गुरुजींनी नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवले: इतका तांदूळ, इतक्या कुटुंबांना, माझ्या जबाबदारीवर. पुढे चौकशी लागली तेव्हा दुसरा पुरावा शोधावाच लागला नाही. त्यांच्याच अक्षरातली नोंद पुरली. दोन वेतनवाढी गेल्या. लबाडी करून पोती ओली झाली असे लिहिले असते तर काही झाले नसते.

एका सप्ताहात दामाजींचे चरित्र झाल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “महाराज, पांडुरंग आला नसता तर दामाजीपंत चोर ठरले असते का?” मी म्हटले, “दरबारात ठरले असते, पंढरीत नाही.” ते जरा थांबले आणि म्हणाले, “चौकशीच्या दिवशी मी गावातल्या चार जणांना म्हटले होते, फक्त येऊन सांगा की आम्ही जेवलो. कोणी आले नाही. सरकारी लफड्यात कशाला पडायचे, म्हणाले.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

कारण मला महिपतीबुवांचा तो प्रसंग दिसू लागला. पंतांना बांधून पंढरपुरावरून नेत आहेत. हेच ते गाव, जिथे धान्याचे बैल लुटले गेले, जिथल्या घराघरांत मंगळवेढ्याची ज्वारी दळली गेली. माणसे त्या ज्वारीवर जगली होती. ती कुठे होती? मी आयुष्यभर ऐकलेल्या कुठल्याही सांगण्यात त्या वाटेवर पंतांच्या मागे दहा माणसे चालत निघाली असे नाही. बेदरला जाऊन, ‘खाल्ले ते आम्ही, पुढच्या सुगीला फेडतो’ असे कोणी म्हटले नाही. कोठार उघडेपर्यंत कथेत गर्दी आहे. पोट भरल्यावर ती गर्दी कथेतून नाहीशी होते, आणि सांगणाऱ्याच्याही ती लक्षात येत नाही. ही ती उणीव. माणसांपैकी कोणी गेले नाही म्हणून देवाला जावे लागले, असे मला आता वाटते. आपण मात्र ज्याला लाज वाटायला हवी तोच प्रसंग चमत्कार म्हणून टाळ्यांनी डोक्यावर घेतो.

मुजुमदाराचेही असेच. पंतांच्या हाताखालच्या मुजुमदाराने बेदरला कळवले, आणि कीर्तनात तो सगळ्यांत दुष्ट ठरतो. त्याच्या मनात हेवा होता असे सांगतात, तो दोषच. पण त्याने लिहिले ते खोटे नव्हते. कोठार रिकामे झाले होते हे खरेच होते. त्याच्या एका कागदासमोर गावाने शंभर कागद पाठवायला हवे होते. मुजुमदाराला शिव्या देणे सोपे आहे, कारण त्यात आपल्याला काही करावे लागत नाही.

तरुण कीर्तनकारांना माझे हात जोडून सांगणे आहे. दामाजी सांगाल तेव्हा विठूला उशिरा आणा. श्रोत्याला पेवाच्या तोंडाशी उभे करा. आत कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत पंत तिथे उभे आहेत, अजूनही मागे फिरता येते, हे त्याला पाहू द्या. बेड्या घालून पंढरपुरातून जाताना त्या गावाची बंद दारे दाखवा. मग विठू आला की त्याला हसणार कोणी नाही.

आणि वाचक माउली, तुम्हाआम्हाला करायचे काम याहून साधे आहे. आपल्या गावात रोज कुठे ना कुठे छोटे पेव उघडायचे की नाही हा प्रश्न कोणापुढे तरी असतोच. जन्मभर रोवणी करून करून एखाद्या म्हातारीच्या अंगठ्याच्या रेघा पुसून गेलेल्या असतात, रेशनचे यंत्र तिला ओळखत नाही, आणि दुकानदार तिला ओळखत असतो. परिचारिकेला कागद अपुरे असलेल्या बाईला दाखल करून घ्यायचे असते. ग्रामसेवकाला खोट्या मोजमापावर सही करायची नसते. यांतला कोणी विवेकाला धरून वागला, ते उघड केले, वहीत लिहिले, स्वतःसाठी काही घेतले नाही, तर एक दिवस त्याला बोलावणे येणार. त्या दिवशी तो एकटा जाऊ नये. मोठे काही करायचे नाही. एसटीचे तिकीट काढायचे, त्याच्याबरोबर कचेरीच्या बाकावर बसायचे, विचारले तर सांगायचे की होय, आम्ही जेवलो, आम्हाला दाणा मिळाला, आमच्या सहीने लिहून घ्या.

त्या गुरुजींच्या गावी आता हरिपाठाला बऱ्यापैकी मंडळी जमतात असे ऐकतो. त्यांतल्या चार जणांनी अजूनही एक कागद लिहून द्यायला हरकत नाही. गुरुजी निवृत्त झाले आहेत, वेतनवाढी काही परत येणार नाहीत. पण त्यांच्या पोथीत ठेवायला पावती होईल.

रामकृष्ण हरी.